वाचकांचे प्रश्न : लाल बटू ताऱ्यांचे भडके आणि हाती न लागणारे गॅमा किरण

सूर्यापेक्षा लहान, लाल आणि वारंवार भडकणाऱ्या जवळच्या ताऱ्यांविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रं छाटावी लागली, उत्तरं छाटलेली नाहीत.

प्रश्न : लाल बटू ताऱ्याचा पृष्ठभाग ३,००० केल्व्हिनच्या आसपास, सूर्याचा ५,८००. मग थंड ताऱ्याकडून जास्त ऊर्जेचे किरण येतीलच कसे? वीनचा नियम इथं कुठे गेला? (बी.एस्सी. दुसरं वर्ष, सोलापूर)

उत्तर : वीनचा नियम (वस्तू जितकी थंड, तितका तिचा प्रकाश कमी ऊर्जेचा) जागेवरच आहे. तो पृष्ठभागाबद्दल बोलतो, आणि पृष्ठभागातून एक्स-किरण येत नाहीत हे तुमचं बरोबर. ते येतात त्याच्या वरून, खग्रास ग्रहणात आपण पाहतो त्या प्रभामंडलासारख्या विरळ वायूतून. भडक्याच्या वेळी हा वायू एक कोटी केल्व्हिनच्याही पुढे जातो.

त्याला तापवतं ते चुंबकत्व. सूर्याच्या सुमारे ३५ टक्क्यांहून कमी वस्तुमानाचा तारा उकळत्या पातेल्यासारखा तळापासून ढवळला जातो, त्यात सूर्यासारखा शांत गाभा उरत नाही. शिवाय हे तारे तरुण असताना गरागरा फिरतात. एडी लिओनिस हा जवळचा लाल बटू २.२ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, सूर्याला विषुववृत्तावर २५ दिवस लागतात. ढवळणं आणि फिरणं एकत्र आलं की चुंबकीय क्षेत्र जोरदार तयार होतं. त्याच्या रेषा पिळल्या जातात, तुटतात, नव्याने जोडल्या जातात, आणि साठलेली ऊर्जा मिनिटांत मोकळी होते. अशा तेज फिरणाऱ्या ताऱ्याच्या एकूण प्रकाशातला हजारावा भाग नुसता एक्स-किरणांत असतो. सूर्याचा हाच हिस्सा दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी.

गॅमा किरणांची गोष्ट आणखी एक पायरी पुढची. भडक्यात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन खालच्या दाट थरावर आपटले की कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, एक्स-किरण निघतात. प्रोटॉनही वेग घेत असतील आणि त्यांची ऊर्जा सुमारे ३०० एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वर गेली, तर त्यांच्या टकरीतून उदासीन पायॉन, म्हणजे विद्युतभार नसलेले अल्पायुषी कण, तयार होतात. स्थिर पायॉन फुटला की ६७.५ एमईव्हीचे दोन गॅमा फोटॉन मिळतात. पायॉन धावता असल्यामुळे प्रत्यक्षात ही ऊर्जा खालीवर पसरते. म्हणून सगळा शोध १०० एमईव्ही ते काही जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) या पट्ट्यात चालतो. सूर्याच्या मोठ्या भडक्यांत हे पायॉनवाले किरण दिसलेले आहेत. बटू ताऱ्यांतही ते निघत असावेत, या अपेक्षेचा पाया हाच.

प्रश्न : आजवर हे किरण सापडले की नाही, सरळ सांगा. आणि नसतील सापडले तर इतकी वर्षं शोधण्यात काय हशील? (माध्यमिक शिक्षक, बार्शी)

उत्तर : एक्स-किरण सापडले, गॅमा किरण खात्रीने सापडलेले नाहीत.

वायझेड कॅनिस मायनोरिस आणि यूव्ही सेटी या ताऱ्यांचे एक्स-किरण भडके १९७५ पासून माहीत आहेत. २५ एप्रिल २००८ रोजी ईव्ही लॅसर्टी या लाल बटूचा भडका इतका मोठा होता, की गॅमा स्फोट टिपण्यासाठी सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाला तो आपोआप जाणवला. २३ एप्रिल २०१४ ला डीजी कॅनम व्हेनाटिकोरम या ताऱ्याने तसंच केलं. भडक्यातलं तापमान २० कोटी अंश सेल्सियसपर्यंत पोचल्याचा अंदाज होता. पण स्विफ्टच्या त्या उपकरणाचा पट्टा १५ ते १५० केईव्हीचा (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही), म्हणजे आपण शोधतो त्या गॅमा किरणांच्या हजारपट खाली. ११ जून २००८ पासून आकाशात असलेल्या फर्मी या गॅमा किरणांच्या दुर्बिणीच्या नोंदींत २०१४ च्या त्या भडक्याचे गॅमा किरण शोधले, आढळले नाहीत.

का आढळले नाहीत, ते गणित वर्गात फळ्यावर करता येईल. शांत सूर्याकडून पृथ्वीजवळच्या एक चौरस मीटरवर १०० एमईव्हीच्या वरचा एक फोटॉन साधारण २०० सेकंदांनी येतो. ७ मार्च २०१२ च्या भडक्यात हा प्रवाह हजारपट झाला, म्हणजे सेकंदाला पाच फोटॉन. फर्मीच्या लॅट उपकरणाचं परिणामी (प्रत्यक्ष कामी येणारं) क्षेत्रफळ सढळ हाताने ०.८ चौरस मीटर धरा, सेकंदाला चार फोटॉन झाले. तो भडका सुमारे २० तास दिसत होता. शिखरावरचा वेग पूर्ण २० तास टिकला असं मानू या (टिकला नव्हता, पण आपण ताऱ्याच्या बाजूने उदार होऊ). बेरीज २ लाख ८८ हजार फोटॉन.

आता हाच भडका एडी लिओनिसवर ठेवा. अंतर १६.२ प्रकाशवर्षं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सव्वादहा लाख पट. वर्ग केला की एक लाख कोटीपेक्षा थोडं जास्त. भागाकार केल्यावर हाती येतात सुमारे ३५ लाख भडक्यांत मिळून एक फोटॉन. भडका सूर्याच्या दहा हजारपट मोठा धरला तरी साडेतीनशे भडक्यांमागे एक.

हे गणित मांडून ठेवलं की दोन गोष्टी कळतात. एकच भडका पकडून काम भागत नाही, अनेक तारे आणि अनेक भडके एकमेकांवर रचून बेरीज घ्यावी लागते. आणि ‘सापडलं नाही’ हे उत्तरही मोजता येतं: ताऱ्याकडून येणारा प्रवाह अमुक आकड्यापेक्षा जास्त नाही, अशी वरची मर्यादा. त्या मर्यादेवरून भडक्याच्या ऊर्जेतला किती वाटा प्रोटॉनांना मिळत असेल यावर बंधन येतं. ताऱ्याचे प्रोटॉन सूर्याच्या तुलनेत फारच कार्यक्षमतेने वेग घेतात, असं सांगणाऱ्या कल्पना अशाच मर्यादांनी गळतात. आमच्या मते हेच हशील, आणि ते कमी नाही.

प्रश्न : फर्मीचा डेटा सगळ्यांना मोफत मिळतो असं कळलं. घरच्या संगणकावर एका ताऱ्याचा शोध घ्यायचा तर नेमकं काय काय करावं लागेल? (संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : मिळतो, आणि तो उतरवायला कुणाची शिफारस लागत नाही. लागतो तो वेळ. फर्मीटूल्स हा नासाचा संच लिनक्स आणि मॅकवर चालतो. विंडोजवाल्यांनी आत उबंटू घालून घ्यावं. १६ जीबी रॅम आणि पन्नासेक जीबी मोकळी जागा असली की बरं. संच कोंडा (conda) या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून बसतो. त्यावर फर्मीपाय हे पायथनचं वेष्टण घेतलं की निम्मी टायपिंग वाचते, पण पहिल्यांदा तरी एकेक आज्ञा हाताने चालवा. नाहीतर चूक कुठं झाली हे कधीच कळणार नाही.

तारा एडी लिओनिसच घ्या. त्याचा आकाशातला पत्ता : विषुवांश १५४.९० अंश, क्रांती +१९.८७ अंश. हा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून ५० अंशांहून दूर आहे. तिथं पट्ट्यातल्या वायूची गॅमा झगमग कमी. ईव्ही लॅसर्टी पट्ट्यापासून फक्त १३ अंशांवर आहे, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्या बिंदूभोवती १५ अंश त्रिज्येचे १०० एमईव्ही ते १०० जीईव्हीचे फोटॉन मागवा, सोबत यानाची फाईल घ्यायला विसरू नका. ती मोठी असते, पण तिच्याशिवाय दुर्बीण कधी कुठं बघत होती हे समजत नाही. मग जीटीसिलेक्ट या आज्ञेने फोटॉनांचा सोर्स वर्ग निवडा, त्याचा आकडा १२८, आणि प्रकार ३. शिरोबिंदूपासूनचा कोन ९० अंशांपर्यंतच ठेवा. पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेवर वैश्विक किरण आदळून ती कड गॅमात लखलखते, आणि ही मर्यादा विसरलात तर ताऱ्याच्या नावावर पृथ्वीचे फोटॉन जमा होतात. पुढे जीटीएमकेटाइम खराब वेळा काढून टाकतं. जीटीबिन फोटॉनांचा नकाशा करतं: २१ अंशांचा चौरस, ०.१ अंशाचे पिक्सेल, ऊर्जेच्या दर दहापटीला १० कप्पे. २१ च का? १५ अंशांच्या वर्तुळात मावणारा चौरस २१.२ अंशांचा असतो. २५ चा केलात तर कोपरे रिकामे राहतात, आणि प्रतिमान (आकाशाचं गणिती मॉडेल) ते रिकामेपण खरं मानून वाकडं बसतं. मग एक्स्पोजर आणि स्रोतांचे नकाशे काढणाऱ्या आज्ञा : जीटीएलटीक्यूब, जीटीएक्सपक्यूब२, जीटीसोर्समॅप्स. यातलं पहिलं रात्रभर चालू शकतं, संगणक बंद पडला असं समजून मारू नका.

प्रतिमानात फोर-एफजीएल या फर्मीच्या गॅमा स्रोतांच्या यादीतले स्रोत घाला, चौरसाच्या बाहेर पाच-दहा अंशांपर्यंतचेही. १०० एमईव्हीला लॅटची नजर इतकी धूसर, की एका बिंदूचा प्रकाश सुमारे ५ अंशांवर पसरतो. १ जीईव्हीला हीच धूसरता ०.८ अंश आणि १० जीईव्हीच्या वर ०.१५ च्या आसपास. बाहेरचा तेजस्वी ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेलं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) वगळला की त्याचा पसरलेला प्रकाश तुमच्या चौरसात येतो. त्यावर आकाशगंगेची पार्श्वभूमी आणि सर्व दिशांनी सारखी येणारी पार्श्वभूमी. मोकळं सोडायचं ते फक्त ५ अंशांतल्या स्रोतांचं तेज आणि या दोन पार्श्वभूमी. सगळंच मोकळं सोडलं तर जुळणी भरकटते. शेवटी ताऱ्याच्या जागी घातांक २ चा (ऊर्जा दुप्पट झाली की फोटॉन चौथाईवर येणारा) एक बिंदुस्रोत ठेवून जीटीलाइक चालवा.

उत्तर टीएस या आकड्यात येतं : स्रोत खरंच आहे असं मानल्याने जुळणी किती सुधारली, याचं माप. त्याचं वर्गमूळ म्हणजे ढोबळमानाने किती सिग्मा, म्हणजे योगायोगापासून किती दूर. यादीत जागा मिळायला टीएस २५ लागतो. तुम्हाला बहुधा ० ते ४ मिळेल. मग ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा काढा आणि तीच लिहा.

हे सगळं ताऱ्यावर चालवण्याआधी एकदा मार्केरियन ४२१ वर चालवा. सप्तर्षीतला हा ब्लेझार तेजस्वी आहे आणि बराच एकटा आहे. त्याचं तुम्ही काढलेलं तेज यादीतल्या आकड्याच्या जवळ येत नसेल, तर चूक ताऱ्यात नाही, तुमच्या साखळीत आहे.

एडी लिओनिसचा एक सापळा मात्र खास आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. तारा मघा नक्षत्राच्या शेजारी आहे, आणि सूर्य मघात कधी असतो हे शेतकऱ्याला विचारायला नको: ऑगस्टच्या उत्तरार्धात. तेव्हा सूर्य या ताऱ्यापासून नऊ-एक अंशांवरून जातो. सूर्य स्वतः गॅमा स्रोत, आणि धूसरता पाच अंशांची! म्हणून जीटीएमकेटाइममध्येच सूर्य १५ अंशांपेक्षा जवळ असतानाची वेळ वगळा. चंद्र तर दर महिन्याला येतो आणि काही वर्षांत चार अंशांच्या आत येतो. वैश्विक किरणांमुळे चंद्रही गॅमात चमकतो. यानाच्या फाईलमध्ये सूर्याची जागा असते, चंद्राची नसते. ती वेगळी घालून घ्यावी लागते. हे न केल्यामुळे दर २७ दिवसांनी ‘भडकणारा’ तारा सापडू शकतो.

एखाद्या ठरावीक भडक्याच्या वेळेला शोधायचं असेल तर फोटॉन मोजण्याआधी एक्स्पोजर, म्हणजे तारा दुर्बिणीच्या नजरेत किती होता ते, बघा. लॅट एका वेळी आकाशाचा पाचवा भाग पाहतं आणि दोन फेऱ्यांत, म्हणजे तीन-सव्वातीन तासांत, सगळं आकाश उरकतं. तुमचा तारा त्यातला अर्धा तास वगैरेच नजरेत असतो. दहा मिनिटांचा भडका पृथ्वीच्या आड घडून गेला असेल, तर शून्य फोटॉनांना काहीच अर्थ नाही. मार्च २०१८ मध्ये यानाच्या एका सौरपट्टीची हालचाल अडकली. तेव्हापासून निरीक्षणाची पद्धत बदलली आहे आणि एक्स्पोजर आठवड्यागणिक कमीजास्त होतं. आधीच्या वर्षांचा अनुभव पुढच्या वर्षांना लावू नका.

आणि खिडक्या, म्हणजे शोध घेतलेले कालखंड, मोजा. तुम्ही हजार वेगवेगळ्या वेळांना शोध घेतलात, तर नुसत्या योगायोगाने एखाददुसऱ्या खिडकीत टीएस ९ च्या वर जाणारच. तो नेमका उचलून ‘तीन सिग्मा’ म्हणून दाखवणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी चूक. किती खिडक्या बघणार हे काम सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा आहे. इथून या ताऱ्यांचं उपयोगी निरीक्षण होईल का? कोणते तारे, कोणत्या महिन्यांत? (हौशी निरीक्षक, मोहोळ)

उत्तर : होईल. गॅमा शोधणाऱ्याला नेमकी गरज असते ती भडका किती वाजता सुरू झाला याची. उपग्रह आणि मोठ्या दुर्बिणी एकाच ताऱ्यावर रात्रभर बसत नाहीत, तुम्ही बसू शकता.

सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश. एडी लिओनिस इथं जवळजवळ डोक्यावरून जातो, शिरोबिंदूपासून फक्त २.२ अंशांवरून. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेबाराच्या सुमारास तो मध्यावर असतो. त्याआधी जानेवारीत वायझेड कॅनिस मायनोरिस, ७६ अंश उंचीवर, प्रत (तेजाचा आकडा; मोठा तितका तारा फिका) ११ च्या थोडी पुढे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूव्ही सेटी ५४ अंशांवर, पण त्याची प्रत १३ च्या जवळ, आठ इंचीला जड जातो. ईव्ही लॅसर्टी चांगला तेजस्वी आहे, मात्र त्याचा ऐन हंगाम आपल्या पावसात जातो. पाऊस उघडल्यावर संध्याकाळी जेवढा मिळेल तेवढा घ्या.

मग एडी लिओनिसवरच भर द्या. दोन अडचणी आहेत. पहिली, सिंह राशीच्या विळ्यातला अल्जीबा हा दुसऱ्या प्रतीचा तारा त्याच्या पूर्वेला जेमतेम ५ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि जवळजवळ हजारपट तेजस्वी आहे. चौकटीत तो आला की सगळं धुऊन जातं. म्हणून एडी लिओनिस चौकटीच्या पूर्व कडेपासून ३ कलांवर ठेवा, म्हणजे अल्जीबा २ कला बाहेर राहतो. तरीही नळीत परावर्तन होऊन फिकट डाग पडतातच. पुढे काळं हूड लावा, आणि डाग ताऱ्यावर किंवा तुलनेच्या ताऱ्यावर पडत नाही ना, ते दर तासाला पाहा. दुसरी अडचण डोक्यावरून जाण्याची. उंची-दिगंश पद्धतीचा माउंट शिरोबिंदूजवळ दिगंशात गर्रकन फिरतो आणि तारा सुटतो. जर्मन पद्धतीच्या माउंटवर नळी तिपाईच्या पायाला घासू शकते, शिवाय मध्य ओलांडताना बाजू बदलावी लागते. तो बदल मध्यापूर्वीच उरका. नाहीतर भडका नेमका त्या दहा मिनिटांत येतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे.

फिल्टर निळा, म्हणजे बी. भडक्याचं तापमान ९-१० हजार केल्व्हिन आणि तारा ३,४०० च्या आसपास, त्यामुळे निळ्यात उठाव सगळ्यात जास्त. लाल फिल्टरमध्ये तोच भडका पार्श्वभूमीत विरतो. बी मध्ये ताऱ्याची प्रत ११ च्या जवळ जाते. १० ते १५ सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, सर्वांत उजळ पिक्सेल ६५,५३५ पैकी २५-३० हजारांवर राहील असं बघा. भडक्यात तारा दुप्पट झाला तरी तो भरून वाहता कामा नये. तुलनेसाठी किमान दोन तारे घ्या. ते एकमेकांच्या तुलनेत स्थिर आहेत का, हे आधी तपासा.

कॅमेरा किती थंड करायचा हे उन्हाळ्याने ठरवू द्या. एप्रिलच्या रात्री गच्चीवर तापमान तीसच्या वर असतं आणि बहुतेक कॅमेरे बाहेरच्यापेक्षा ३०-३५ अंशच खाली जातात. उणे २० चा हट्ट धरलात तर कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकतो, तापमान डोलतं आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या काळ्या चौकटी) जुळत नाहीत. शून्यावर ठेवा, पण स्थिर ठेवा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, त्या रात्री शहराजवळ कॅमेरा उघडू नका. धूर पातळ असतो, पण चौकटीत एकसारखा नसतो. मे महिन्यात धुळीची झिलई चढली की आवरतं घ्या.

खरा भडका ओळखायचा आकारावरून: चढण काही सेकंद ते मिनिटभर, उतार मिनिटं ते अर्धा-पाऊण तास. किमान तीन लागोपाठ बिंदू वर हवेत. एकच बिंदू उडालेला असेल तर तो उपग्रह, विमान किंवा चिपवर पडलेला वैश्विक किरण. वीज जाऊन इन्व्हर्टर लागला, की माउंट क्षणभर अडखळतो, तारा दुसऱ्या पिक्सेलवर सरकतो आणि आलेखात छानशी पायरी दिसते. वीज कधी गेली हे वहीत लिहा. पायरी भडक्यासारखी उतरत नाही, तिथंच राहते.

आता घड्याळ. लॅपटॉप इंटरनेटवरच्या वेळेशी दर तासाला जुळवा, आणि नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना तारीख बदलते: २६ तारखेची रात्री १ ची वेळ म्हणजे २५ तारखेचे १९:३०. ही चूक इतकी सामान्य आहे की फर्मीची फाईल मागवण्याआधी दोघांनी वेगवेगळी वजाबाकी करावी. फर्मी वेळ मोजतं १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत. आणि आलेख काढणारी काही सॉफ्टवेअरं न विचारता वेळ सूर्यकेंद्री (तोच प्रकाश सूर्यापाशी पोचण्याची वेळ) करून देतात. तो फरक आठ मिनिटांपर्यंत जातो. तुमची वेळ सूर्यकेंद्री आणि उपग्रहाची कच्ची, अशी जुळणी केलीत तर चुकीचे फोटॉन मोजाल. दोन्ही कच्च्या ठेवा. जमीन आणि उपग्रह यांच्यात प्रकाशाला लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांतला आहे, त्याची काळजी नको. नोंदी एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या संस्थेकडे पाठवता येतात.

प्रश्न : सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी सोडून बाकीच्यांच्या मागे का? आणि त्याच्या ग्रहावर काय होत असेल? (पंढरपूर)

उत्तर : प्रॉक्सिमा आपल्याकडून मध्यावर आला तरी क्षितिजापासून १० अंशांपेक्षा कमी वर येतो. प्रत ११, त्यावर दक्षिणेकडची धूळ आणि नेहमीच्या जवळजवळ सहापट जाडीची हवा. फोटो निघेल, मोजमाप नाही. फर्मीला मात्र तो व्यवस्थित दिसतो, पण तो आकाशगंगेच्या पट्ट्याला चिकटून आहे.

त्याचा ग्रह ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर फिरतो, म्हणजे तेवढाच भडका तिथं ४०० पट लागतो. १ मे २०१९ रोजी या ताऱ्याचं अतिनील तेज काही सेकंदांत १४,००० पट वाढलेलं नोंदलं गेलं. आपल्याला या कुठल्याही भडक्याचा त्रास नाही, वरच्या गणितातला एक लाख कोटी आठवा.

प्रश्न : आदित्य, अ‍ॅस्ट्रोसॅट आणि लडाखची दुर्बीण या कामाला लावता येतील का? (सोलापूर)

उत्तर : आदित्य-एल१ सूर्यावरून नजर हटवत नाही. त्याची सोलेक्स आणि हेल१ओएस ही उपकरणं सूर्याचे भडके एक्स-किरणांत मोजतात. तुलनेला उत्तम, ताऱ्यांना निरुपयोगी. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटची एसएक्सटी ही एक्स-किरण दुर्बीण ०.३ ते ८ केईव्हीत पाहते, हा बटू ताऱ्यांच्या प्रभामंडलाचाच पट्टा. जुनी निरीक्षणं इस्रोच्या संग्रहातून नोंदणी करून उतरवता येतात. लडाखमधल्या हान्लेची मेस दुर्बीण, २१ मीटर व्यासाची, ४,२७० मीटर उंचीवरची, गॅमा किरण हवेत घुसल्यावर उमटणारी काही नॅनोसेकंदांची निळी चमक टिपते. पण ती सुरू होते २० जीईव्हीच्या आसपास, आणि सूर्याच्या २०१२ च्या त्या भडक्यातले सर्वांत ताकदवान फोटॉन ४ जीईव्हीचे होते. तारा त्याच जातीचा निघाला तर मेसला काही दिसणार नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. किटमधून गायगर काउंटर जोडला. जूनमधल्या पहिल्या पावसात त्याचा आकडा दीडपट झाला. त्याच रात्री एखाद्या ताऱ्याचा भडका असेल का? (करमाळा)

उत्तर : नाही, पण तू टिपलंस ते खरं आहे. आपल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो हवा आहे, दहा मीटर पाण्याइतकी जाड. ताऱ्याचा गॅमा किरण त्यातून खाली पोचत नाही. तुझ्या किटमध्ये एसबीएम-२० नळी असेल तर शांत वेळी मिनिटाला २० च्या आसपास टिकटिक होते. त्यातल्या आठ-दहा म्युऑनच्या (वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या कणांच्या), बाकी माती, भिंती आणि हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या.

पाऊस हवेतल्या रेडॉनची पिल्लं, म्हणजे रेडॉन फुटून बनलेली शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुऊन जमिनीवर आणतो, म्हणून आकडा चढतो. त्यांचं अर्धायुष्य अनुक्रमे २७ आणि २० मिनिटं. आधी एक मिनिटाचे आकडे बघणं सोड: २० ची सरासरी असताना २८ येणं अगदी साधं आहे. दहा मिनिटं मोज, २०० येतील, त्यात १४ चा चढउतार चालतो. मग पुढच्या पावसात, सरी सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की गाडीच्या ओल्या टपावर टिश्यू पेपर फिरव, तो नळीला चिकटवून ठेव, आणि दर पाच मिनिटांचा आकडा लिही. नेहमीचा आकडा वजा केल्यावर उरलेला भाग साधारण अर्ध्या तासाला निम्मा होत गेला, तर तो रेडॉनच. कागद नळीवर घालण्याआधी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ. ओल लागली की नळीच्या ४०० व्होल्टच्या टोकांमधून गळती होते आणि काउंटर स्वतःच भडकतो.